उजव्या अंगाची कळी

आमच्या बाजूला अजूनही कोणी ना कोणी ती गोष्ट सांगतं. मास्तर आणि त्यांची बायको शिडाचा मचवा घेऊन मंगळूरला निघाले होते, सगळी तयारी झाली होती, पण देवीने डावा कौल दिला आणि दोघांनी तो निमूट मानला. माझ्या निवृत्तीच्या समारंभात आमच्या हेडमास्तरांनीही हीच गोष्ट सांगितली. 'एवढा शिकलेला माणूस, पण श्रद्धेपुढे नमला,' असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गळ्यातला हार सारखा करत बसलो होतो.

देवीने डावा कौल दिला नव्हता. उजवा दिला होता. डावा मी सांगितला.

हे इतक्या वर्षांनी लिहितो आहे त्याला कारण आहे, ते शेवटी येईल. आधी मचव्याबद्दल सांगतो.

माझी बायको पूर्णगडची, तांडेलाची मुलगी. तिचे वडील स्वतःच्या शिडाच्या मचव्यातून माल नेत. जाताना सुकी मासळी, येताना मंगळूरहून काथ्याचे दोर आणि लाकूड. ती लहान असताना ते तिला म्हणायचे, 'मोठी झालीस की तुला मंगळूर दाखवीन.' ती मोठी झाली तेव्हा त्यांनी तिच्या धाकट्या भावाला नेलं. पोरीला बोटीवर घेतलं तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न मधल्या काळात उभा राहिला होता. ती किनाऱ्यावर उभी राहिली, आणि त्यानंतर काही वर्षांनी तिने माझ्याशी लग्न केलं. मी दुसऱ्या जातीचा, शाळेत भूगोल शिकवणारा, पोहताही न येणारा. वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ते वारले तेव्हा निरोपसुद्धा दहाव्यानंतर आला. ती लग्नानंतर पूर्णगडला गेली नव्हती.

चौऱ्याऐंशीच्या सुमाराला तिच्या भावाने इंजिनाची बोट घेतली. त्याने आमच्याकडे माणूस पाठवला, की बाबांचा जुना मचवा जळणाला काढतोय, ताईला हवा असेल तर बघ. बायको ओटीवर मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. तिने पाय थांबवला आणि म्हणाली, "हवा."

माझ्याकडे पाहिलंही नाही.

शिमग्यानंतर भाऊ स्वतः तो मचवा घेऊन भाट्याच्या खाडीत आला. आमचं घर खाडीच्या काठावर, खाली उतरलं की चिखल आणि माड. भरतीच्या पाण्याबरोबर मचवा वर ओढून माडांना बांधला. भाऊ घाम पुसत मला म्हणाला, "भावोजी, ही बोट न्हाय, हत्ती हाय. बांधून ठेवलात तरी खायाला मागंल."

"तुझ्या बहिणीला सांग," मी म्हटलं.

"तिला सांगून काय उपेग? ती बापावर गेलीय."

बहीण-भावाचं बोलणं चार वाक्यांपुढे गेलं नाही. तो चहा पिऊन परत गेला. ती मात्र मचव्याभोवती फिरत राहिली, जिथे तिथे हात लावत. एका फळीवर लहानपणी तिने खिळ्याने कोरलेली मासळी होती, ती अजून तिथे होती. "बाबांनी तासून काढली नाही," ती म्हणाली. आणि तिथेच, चिखलात उभी राहून, तिने मला सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत आपण मंगळूरला जायचं. दोघांनी. शिडावर.

आम्हाला मूल नव्हतं. अडवणारं घरात कोणी नव्हतं. मी हसून 'बरं' म्हटलं, कारण मला वाटलं, मचवा पावसाळा काढणार नाही.

पुढचे सगळे महिने तिला एका जागी बसवलं नाही. लाकूड उन्हात वाळलं की फळ्यांच्या फटी उघडतात. त्या खरवडून त्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा आणि वरून राळ. ती शाळेच्या गणवेशांचं काम उरकून खाली उतरायची ती अंधार पडेपर्यंत वर यायची नाही. मला हाक यायची. "अहो, हे धरा." "अहो, तिथून नाही, इथून धरा." मग फळ्यांना मुशी माशाचं तेल लावायचं काम. त्या तेलाचा वास एकदा हाताला लागला की साबणाने जात नाही. वर्गात पहिल्या बाकावरची मुलं नाकं मुरडायला लागली. एका मुलाने विचारलं, "सर, तुमच्याकडे जेवायला मुशी असते का रोज?" वर्ग हसला, मीही हसलो, आणि तास संपेपर्यंत हात खिशात ठेवले.

शीड तिने ओटीवर शिवलं. मांजरपाटाचे तागे सबंध घरभर पसरलेले असत, स्वयंपाकघरात जायचं तर शिडावरून जावं लागे, आणि मी चपला न काढता गेलो म्हणून मला बोलणी बसत. एक शिवण झाली की ती लांब धरून बघायची, मान हलवायची आणि उसवायची. पावसात मशीनचा पट्टा सैल पडायचा, तो ती पायाने दाबून धरायची. मी म्हणायचो, पुरे आता, चांगलं झालंय. ती म्हणायची, "वाऱ्याला 'चांगलं' सांगून चालत नाही."

शेजारचे बागायतदार काका रोज संध्याकाळी कुंपणाच्या गडग्याशी येऊन उभे राहायचे. त्यांना आमचा मचवा म्हणजे फुकटचा तमाशा होता.

"मास्तर, भूगोलाचं पुस्तक बरोबर घ्या हो. हरवलात तर कुठे हरवलात ते तरी कळेल."

"काका, तुम्हीही चला," बायको खालून ओरडायची. "नीरम कमी पडतंय."

बोट रिकामी असली की ती उलटू नये म्हणून पोटात दगड भरतात, त्याला नीरम म्हणतात. काकांचं वजन बऱ्यापैकी होतं. ते दोन दिवस आले नाहीत.

मला झोप लागत नसे. दिवसाही बसलो की उठावंसं वाटे, उठलो की कुठे जावं कळत नसे. वर्गात मी मुलांना खारे वारे आणि मतलई वारे शिकवायचो, फळ्यावर बाण काढायचो, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे. बाण काढता काढता मला तो वारा आपल्या पाठीवर येतोय असं वाटून घाम फुटायचा. कोणाला सांगायची सोय नव्हती. बायकोला तर नाहीच. पावसाळा गेला आणि मचवा शाबूत राहिला.

नवरात्रानंतर आम्ही तो खाडीत उतरवला. खाडीच्या आत फिरवून बघायचा, तोंडाबाहेर जायचं नाही. तोंडाबाहेर कौल मिळाल्याशिवाय जायचं नाही, हा तिच्या घरचा नियम. शीड वर गेलं आणि भरलं. एवढ्या महिन्यांत घरभर पायांखाली पडलेलं ते कापड एकदम पोटुशीसारखं फुगलं. मचवा कलला. ती सुकाणूवर होती, शिडाचा दोर माझ्या हातात.

"दोर सोडा."

मी धरूनच राहिलो. हात सुटेना.

"सोडा! सोडा म्हणते ना! अहो, मास्तर!"

दोर माझ्या तळहातातून सरकत गेला, कातडी घेऊन गेला. मचवा सरळ झाला. मी खाली दगडांवर बसलो होतो आणि ओकलो. ती हसत होती, पण मला नाही. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती शिडाकडे बघत होती, पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले, आणि तोंडावर जे होतं ते मी इतक्या वर्षांच्या संसारात कधी पाहिलेलं नव्हतं. ते माझ्यामुळे कधी आलेलं नव्हतं.

मचवा परत माडांखाली बांधून घरी आल्यावर तिने माझ्या हाताला खोबरेल लावलं. म्हणाली, "बोटीवर मी ओरडते. घरी नाही हां. बाबांचंही तसंच होतं."

मी म्हटलं, ठीक आहे.

आता कौल. तिच्या घरची रीत अशी, की मोठ्या सफरीला निघण्याआधी गावच्या देवीला विचारायचं. गुरव ओल्या कळ्या देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजव्या अंगाची आधी पडली तर जा, डाव्या अंगाची पडली तर जाऊ नका. डावी पडली तर आणखी एकदा विचारता येतं, तिसऱ्यांदा नाही. विचारायला घरातल्या एकाने जायचं आणि दुसऱ्याने तो परत येईपर्यंत बोटीला हात लावून बसायचं. बोट तेवढा वेळ एकटी सोडायची नाही.

मी तिला म्हटलं, तू जा, मी बसतो. ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी त्या गावात पाय ठेवला नाही. देवी हो म्हणाली तर जाईन, परतताना, समुद्राच्या बाजूने. बंदरात मचवा लावीन आणि मग चढून देवळात जाईन. बाबांचा मचवा घेऊन." मग म्हणाली, "ती हो म्हणाली म्हणजे बाबांनीच हो म्हटलं, असं धरीन मी."

म्हणून मी गेलो. सकाळच्या एस.टी.ने, पावसमार्गे, मांडीवर नारळाची पिशवी. सबंध वाटेत मी देवीला विनवत होतो की डावी पाड. ज्या माणसाने वर्गात मुलांना ग्रहणाच्या दिवशी मुद्दाम पाणी प्यायला लावलं होतं, तो मी.

गुरव म्हातारा होता. त्याने मला ओळखलं नाही, मी तांडेलाचा जावई म्हटल्यावर वर बघितलं. "कुठली? ती पळून गेलेली?"

"पळून नाही. लग्न करून."

"तेच ते," तो म्हणाला आणि कळ्या ओल्या करायला लागला. मग देवीसमोर उभा राहून त्याने सुरू केलं, "आई, ही तुजी लेक. तिच्या बापाचा मचवा घेऊन दर्यात जायाचं म्हणतेय. तुजी खुशी आसंल तर..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. उजव्या अंगाची कळी पडली. मी ती खाली लादीवर घरंगळताना पाहिली.

गुरव खूश झाला. "झ्याक. इतक्या बेगीन देत न्हाय ती कुणाला. सांग तिला." त्याने ती कळी आणि नारळाचं शकल माझ्या हातात ठेवलं.

एस.टी.त बसलो तेव्हाही मी खोटं बोलायचं ठरवलेलं नव्हतं. हे मला सांगायचं आहे, माझी बाजू म्हणून नाही, तसं झालं म्हणून. भाट्याला उतरलो, वाळूतून चालत निघालो, आणि माडांखाली ती दिसली. मचव्याच्या सावलीत बसलेली, हात फळीवर, बहुतेक त्या कोरलेल्या मासळीवर. मला पाहून ती उठली नाही. काही विचारलंही नाही. नुसती बघत राहिली, आणि तिच्या तोंडावर खाडीतल्या त्या दिवसाचं ते परत यायला लागलं होतं. ती निघालीच होती. मी तिला त्यात कुठे दिसत नव्हतो.

"डावा," मी म्हटलं.

"परत विचारलंत?"

"दोनदा लावला. दोन्ही वेळा डावा."

ही दुसरी वेळ मी कशाला जोडली? एकदा म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, उद्या परत जा. तेवढं सुचायला मला क्षणही लागला नाही.

ती बसूनच राहिली. हात फळीवरच. मग म्हणाली, "बाबा अजून रागावलेत."

पुढे मी स्वतःला बरीच कारणं सांगितली. दोघंच माणसं, एवढा समुद्र, मला पोहता येत नाही, मी तिचा जीव वाचवला. त्यातलं खोटं एकही नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात बुडण्याचं भय नव्हतं. जो माणूस मला जावई म्हणाला नाही त्याच्या मचव्यावर, त्याच्या मुलीच्या हुकमात, दगडांवर बसून ओकत महिना काढायचा, हे मला नको होतं. तिचा हेवा वाटला. बाकी सगळं नंतर जमवलेलं.

त्या संध्याकाळी तिने मचव्यातले दगड एकेक करून बाहेर काढले. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "राहू द्या, तुम्ही दमलात प्रवासाने." ते दगड पुढे न्हाणीपाशी कपडे धुवायला मांडले. मचवा वर ओढल्यापासून ती रोज सकाळी फळ्या फुगलेल्या राहाव्यात म्हणून त्यावर कळशीने पाणी ओतायची. दुसऱ्या दिवशीही कळशी भरून निघाली. अर्ध्या उतारावर तिच्या लक्षात आलं. थोडी उभी राहिली, कळशी अळवात रिकामी केली आणि वर आली.

एकदोघं मचवा मागायला आले. तिने दिला नाही. "देवीने नको म्हटलेली बोट दुसऱ्याच्या गळ्यात घालू?" तो तिथेच राहिला, माडांखाली, आमच्या ओटीवरून दिसेल असा. पहिल्या वर्षी फटी उघडल्या. मग उधाणाचं पाणी आत शिरून राहायला लागलं, खेकडे झाले. फळ्या गळत गेल्या. मी शाळेत जाताना दुसऱ्या वाटेने जायचो.

शिडाचं तिने वाया जाऊ दिलं नाही. पावसाळ्यात ओटीवर पाण्याची झड येते, म्हणून ते कापून तिथे बांधलं. दर पावसाळ्यात, वारा सुटला की ते भरायचं. खांब करकरायचे, दोर ताणायचे, आणि मी आत खुर्चीत बसलेलो असलो तरी पायांखालची जमीन कलल्यासारखी वाटून खुर्चीचे हात धरायचो. ती बाहेर येऊन कापडाकडे बघायची आणि दोर थोडा सैल करून आत जायची. पूर्णगडकडचं कोणी घरी आलं की मी त्याला एकटा सोडायचो नाही. गुरव दुसऱ्याच वर्षी गेल्याचं कळलं तेव्हा मला हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो. तिच्या भावाने कधी विचारलं नाही. बहिणीला आणि देवीला दोघींनाही तो घाबरायचा.

गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर एका दुपारी, पेज भरवताना, ती सहज म्हणाली, "मला मरायचं भय नाही हो. पण तिकडे बाबा भेटले आणि त्यांनी तोंड फिरवलं तर काय करू, ते समजत नाही."

चमचा माझ्या हातात होता. मी वाटी खाली ठेवली आणि सांगितलं.

तिने छपराच्या वाश्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दोन्ही वेळा?"

"एकदाच लावला. उजवा पडला."

"लगेच?"

"लगेच."

"किती लगेच?"

"गुरवाचं बोलणं पुरं व्हायच्या आत. तो म्हणाला, इतक्या बेगीन देत न्हाय ती कुणाला."

हे तिने माझ्याकडून तीनचारदा म्हणवून घेतलं. कळी कशी पडली, कुठे गेली, कुठल्या फुलाची होती. ती माझ्यावर ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो, आणि ती गुरवाने कुठला पाय पुढे टाकला होता ते विचारत होती. मग तिने भिंतीकडे कूस केली. "बाबा रागावले नव्हते," असं म्हणाली, मला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. चहा दिला तर प्यायची. मी समोर बसलो तर डोळे मिटायची.

बोलली तेव्हा म्हणाली, "देवीचं नाव तुम्ही खराब केलंत. गावभर सांगितलंत ना, ती नको म्हणाली म्हणून? आता गावभर सांगा, ती हो म्हणाली होती. लिहा. लिहिता येतं तुम्हाला."

"आणि तू?"

"मला पूर्णगडला न्या."

थंडीत, तिला जरा बरं वाटल्यावर, रिक्षा करून गेलो. आता रस्ता चांगला आहे, लवकर पोचतो. रिक्षात ती समुद्राच्या बाजूला बसली आणि वाटभर बाहेर बघत होती. एकदाच बोलली. "वारा चांगला आहे आज." देवळाच्या पायऱ्या माझ्या हाताला धरून चढली. आता गुरवाचा नातू आहे. तिने आणलेला नारळ पुढे ठेवला, उजव्या कौलाचा, तेव्हा द्यायचा राहिलेला. मग म्हणाली, "कौल लावायचाय."

मी पुढे झालो तर तिने हाताने मागे सारलं. "तुम्ही बाहेर बसा."

मी पायरीवर बसलो. आतून गुरवाचं पुटपुटणं ऐकू येत होतं, शब्द नाही. समोर, खाली, समुद्र. बराच वेळ गेला. तेव्हा इतका वेळ लागला नव्हता.

ती बाहेर आली. मुठीत काहीतरी होतं. माझा हात न धरता पहिली पायरी उतरली, दुसऱ्या पायरीला धरला.

"काय विचारलंस?"

ती पायऱ्या मोजून उतरत होती.

"अगं, कुठला पडला?"

"पडला," ती म्हणाली. "चला, रिक्षावाला खोळंबलाय."

हे सगळं तिने वाचलं आहे. एक दुरुस्ती सांगितली, की खाडीतल्या त्या दिवशी ती हसत नव्हती, ओरडत होती, आणि ओकलेलं तिनेच धुतलं होतं, ते मी लिहिलं नाही. ते आता लिहिलं. कौल कुठला पडला ते मी आज सकाळीही विचारलं. तिने ओटीवरच्या कापडाची गाठ तपासली आणि आत गेली.